नरहरीमामांचा लोहचुंबक

आमच्या सासऱ्यांना सगळं जांबे गाव संशयी म्हणतं, आणि गाव काही खोटं बोलत नाही. नऊ वर्षं झाली मला या घरात येऊन, म्हणजे बोलायचा हक्क मी कमावलाय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना चहा दिला. साखर घातली का, हे त्यांनी आधी मला विचारलं. मग सासूबाईंना विचारलं. मग पिऊन पाहिला. कप तोपर्यंत हातातच होता. असा सगळा कारभार.

नाव नरहरी. गावात गिरणीवाले, घरात मामा. रस्त्याला लागून पिठाची गिरणी, तिच्या डोक्यावर भाड्याच्या दोन खोल्या. हिंजवडीच्या कंपन्या आल्या तशा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वीस वीस खोल्यांच्या चाळी उठवल्या. मामांनी दोनच बांधल्या, कारण गवंडी सिमेंटात माती मिसळतो म्हणून ते रोज घमेल्यापाशी उकिडवे बसायचे आणि तिसऱ्या खोलीच्या आत गवंडीच पळून गेला.

हा संशय जन्मापासूनचा नव्हे, असं सासूबाई सांगायच्या. अठ्ठ्याण्णव साली कुणाच्या तरी गव्हात खिळ्याचा तुकडा आला. गिरणीच्या दगडात गेला, दगडाची कपची उडाली आणि मामांच्या डाव्या डोळ्यात बसली. डोळा राहिला, पण त्यातनं आता नुसता धूर दिसतो. तो गव्हाचा डबा कुणाचा, हे कधीच कळलं नाही. त्या दिवशी पाच-सहा डबे रांगेत होते. बाकीच्यांनी आपापले नेले, तो एक राहिला. न्यायला कुणी आलंच नाही. पत्र्याचा डबा, झाकणाला हिरवा रंग. अजून गिरणीच्या कोपऱ्यात आहे. मी एकदा भंगारात घालते म्हटलं तर मामा अंगावर आले. "ऱ्हाऊ दे. येईल कवातरी त्यो."

तेव्हापासून लोहचुंबक. फुटक्या लाऊडस्पीकरातनं काढलेली काळी जाड चकती, तिला सुतळी. प्रत्येक दळण परातीत ओतायचं, त्यावरून चकती डावीकडून उजवीकडे तीनदा फिरवायची, मगच गिरणीत टाकायचं. इथवर ठीक. पण मामा तेवढ्यावर थांबतील तर ना. बोहारणीनं दिलेलं भांडं असो, नळ असो, कुलूप असो, सगळ्याला चकती लागायची. "चिकाटलं की खोटं," हा त्यांचा कायदा. चांगलं स्टील चिकटत नाही, पितळ चिकटत नाही, सोनं चिकटत नाही. माझ्या लग्नात माझ्या आईसमोर त्यांनी माझ्या मंगळसूत्राच्या वाट्यांवरून चकती फिरवली. सोनं खरं निघालं. मामांनी मान डोलावली. माझी आई जेवली नाही. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

वरच्या एका खोलीत दोन हजार आठच्या जूनमध्ये क्षितिजा राहायला आली. उदगीरकडची मुलगी, सव्वीस वर्षांची, हिंजवडीच्या फेज दोनमधल्या एका लहानशा कंपनीत इंजिनियर. मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय बनिवता कंपनीत?"

"उपग्रहात बसवायच्या चिपा, काका."

"म्हंजी वर आभाळात. तितं जाऊन कोन बघतंय खरं का खोटं?"

ती हसली. मला तिथंच आवडली, कारण मामांच्या बोलण्यावर हसणारं माणूस या घरात दुसरं नव्हतं. दळण व्हायला वेळ लागायचा, तेवढ्यात ती ओट्यावर माझ्यापाशी बसायची. मी बी.ए. अर्धवट सोडलेली. मला कुणी काही समजावून सांगितलं की बरं वाटतं.

ती म्हणाली, "वहिनी, आमची चिप म्हणजे पाटी समजा. काय काम करायचं ते तिच्यावर लिहायचं. उपग्रह वर गेल्यावरही इथून पुसता येतं, नवं लिहिता येतं. पण वर किरणांचा मारा असतो. एखादा बारीक कण येऊन आपटतो आणि पाटीवरचं एक अक्षर बदलतो. एवढ्यानं उपग्रह भलतंच करायला लागतो."

"मग?"

"नेहमीच्या चिपेत अक्षर म्हणजे विजेचा चिमूटभर साठा. धक्का बसला की सांडतो. आम्ही म्हणतो, अक्षर विजेत ठेवायचंच नाही. केसाच्या टोकावर शेकडो बसतील एवढाले लोहचुंबक करायचे. त्याचं तोंड इकडं असलं तर एक, तिकडं असलं तर शून्य. किरण येतो नि जातो, तोंड तिथंच. वीज गेली तरी तिथंच."

"मग त्याचं तोंड फिरतं तरी कशानं?"

"दुसऱ्या मोठ्या लोहचुंबकानं. पण तो घेऊन तिथं वर कोण बसलंय?"

आत मामा गिरणी चालवत होते. पट्ट्याच्या आवाजात त्यांना यातलं काही ऐकू गेलं नसणार. मला गेलं होतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं जे झालं त्यात मीही आहे.

दोन हजार दहाच्या फेब्रुवारीत पुण्यात पिशवीतला बॉम्ब फुटला. पोलीस पाटील भाडेकरूंचे फॉर्म वाटत घरोघर फिरले, बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून सांगून गेले. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, तशी मामांची गत झाली. दळणाच्या पिशव्यासुद्धा ते पायानं ढकलून मग उचलायला लागले. क्षितिजाच्या खोलीत रात्री दिवा किती वाजता जातो, तिच्याकडं कोण कोण येतं, तारांचं भेंडोळं तिनं कशाला आणलं, सगळं मला विचारायचे. मी म्हणायचे, "मामा, कर नाही त्याला डर कशाला? तिलाच विचारा की." तिला विचारायचे नाहीत. संशयी माणसाला उत्तर नको असतं, हे मला या घरात येऊन कळलं.

मार्चमध्ये क्षितिजा दोन दिवस मुंबईला गेली आणि शनिवारी दुपारी काळी प्लास्टिकची पेटी घेऊन परतली. कंपनीला सुट्टी, दारावरचा वॉचमन सही करून पेटी घेईना, म्हणून घरी आणली. ओट्यावर पाणी पिता पिता म्हणाली, "वहिनी, दोन वर्षांचं काम यात आहे. बोर्डावर बारा चिपा आहेत, त्यांच्यावर मुंबईला किरणांचा मारा करून घेतला. सोमवारी बेंगळुरूचे साहेब येतील, त्यांच्यासमोरच सील फोडून वाचायचं. आत लिहिलेलं शाबूत असलं तर आमचं काम पुढं जाणार. नाहीतर सगळं बंद, मी पण घरी."

मामा दारात उभे होते. "किरनं मारल्यात तिच्यावर? आन् ती हितं, गिरनीच्या वर ठेवनार? लोकाचं पीठ हाय खाली."

"काका, काही होत नाही. उन्हात गहू वाळवला तर गव्हात ऊन राहतं का?"

"ऊन न्हाई ऱ्हात. किडा ऱ्हातो."

ती पुन्हा हसली, पेटी वर नेली आणि कपाटात ठेवून खोलीला कुलूप लावलं. कपाटाला कुलूप नव्हतं. कपाट आमचं होतं.

रविवारी सकाळी नऊलाच लाईट गेली. गिरणी बंद. क्षितिजा महाळुंग्याला मैत्रिणीकडं गेली, सोमवारची तयारी करायला. मी गच्चीवर कुरडया घालत होते. अकराच्या सुमारास खाली डोकावले तर मामा जिना उतरत होते. हातात सुतळी, सुतळीला चकती.

"वर काय होतं, मामा?"

"टाकीतलं पानी बघाया गेलतो."

टाकी गच्चीवर. गच्चीवर मी. टाकीचं पाणी बघायला चकती लागत नाही. हे सगळं मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण कुरडयांचा चीक गार होत होता, तेव्हा मी मान खाली घातली आणि सोऱ्या फिरवायला लागले.

सोमवारी संध्याकाळी क्षितिजा आली ती वर गेलीच नाही. गिरणीच्या पायरीवर बसून राहिली. मी पाणी दिलं, तिनं नुसतं हातात धरलं.

"चार चिपा पुसल्या गेल्या, वहिनी."

"चारच ना? आठ राहिल्या की."

"एकही जायला नको होती." तिनं पिशवीतनं कागद काढला. त्यावर बारा चौकोन होते, चार-चारच्या तीन ओळी. वरची ओळ पांढरी, खालची पांढरी, मधली ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी. "किरणांनी झालं असतं तर ठिपके बाराही चिपांत थोडे थोडे पडले असते, पाखडताना कोंडा उडतो तसे. हे ओळीनं पुसलंय. साहेब म्हणतात, मध्ये किरण जास्त पडले असतील, म्हणजे तुमची युक्ती टिकत नाही. दुसरे म्हणतात, हिनं पेटी घरी का ठेवली, हिनंच काहीतरी केलं असेल. गुरुवारी निर्णय सांगतील. पण सील जसंच्या तसं होतं हो. मी कुठं चुकले, तेच मला कळत नाहीये."

मी तो कागद बघत राहिले. आत मामा कुणाचं तरी दळण परातीत ओतून त्यावरून चकती फिरवत होते. डावीकडून उजवीकडे. एकदा, दोनदा, तीनदा.

तिला तेव्हा काही बोलले नाही. ती वर गेली, गिऱ्हाईक गेलं, तशी मी गिरणीत शिरले आणि पट्टा बंद केला. सुनेनं गिरणीचं बटण बंद करायचं, हे आमच्या घरात आजवर झालं नव्हतं.

"मामा, रविवारी तुम्ही तिच्या पेटीवर लोहचुंबक फिरवलात."

"कोन म्हनतं? म्या त्या चांदीसारक्या पिशवीला बोट बी लावलं न्हाई."

"तिनं आपल्याला पेटी दाखवली, मामा. आत चांदीसारखी पिशवी आहे, हे तिनं कधीच सांगितलं नव्हतं."

मामा एकदम उसळले. "मंग काय करायचं? घर माजं हाय. बाम फुटल्यावर कुनाला इचारनार? पेटी उघडली, पन सील पिशवीला हुतं, ती न्हाई उघडली, वरनंच फिरिवला. वढ लागली, कोपऱ्याला वढ लागली त्याला. म्हनलं, बघ, हाय लोखंड. हाय काईतरी खोटं."

"बोर्डाच्या कोपऱ्याचे स्क्रू असतील हो ते."

मी त्यांना सगळं सांगितलं. बारीक लोहचुंबक, त्यांची तोंडं, मोठ्या लोहचुंबकानं ती फिरतात ते, गुरुवार, तिची नोकरी, दोन वर्षं. मामा ऐकत होते की नाही कळेना. शेवटी म्हणाले, "आता सांगून काय हुनार? पुसलं ते पुसलं. कुनाला कळत न्हाई. उगा साप साप म्हनून भुई धोपटायची."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी कोपऱ्यातनं तो हिरव्या झाकणाचा डबा ओढत आणला आणि त्यांच्या पायाशी ठेवला.

"हा ज्याचा होता त्यानंही हेच म्हटलं असेल, मामा. डोळा गेला तो गेला, आता सांगून काय होणार. बारा वर्षं तुम्ही गावातल्या प्रत्येक माणसाकडं बघताय, हाच असेल का म्हणून. तो एकदा येऊन म्हणाला असता, नरहरी, माझा होता रे डबा, तर तुम्ही काय केलं असतंत?"

त्यांनी डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. "काय केलं असतं," म्हणाले. "दोन शिव्या दिल्या असत्या. आन् च्या पाजला असता."

मग उठले आणि बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. मंगळवारी, बुधवारीही ताट अर्धं टाकून उठत होते. मी तिला सांगून टाकायचं ठरवलं होतं, दोनदा जिन्यापर्यंत गेलेही. पण आत कुठंतरी वाटत होतं, हे मी सांगितलं तर ते त्यांचं होणार नाही. बुधवार संपेपर्यंत वाट बघते, असं मनाशी म्हटलं. बुधवारी झोपायच्या आधी मामा म्हणाले, "सदरा इस्त्री करून ठीव."

गुरुवारी माझे यजमान चंद्रकांत आम्हाला कंपनीच्या फाटकावर सोडून गेले. ते तिथल्याच एका कंपनीची बस चालवतात. मामा त्या फाटकातनं कधी आत गेले नव्हते. पांढरा सदरा, टोपी, खिशात चकती. वॉचमननं त्यांच्या अंगावरून काळा दांडा फिरवला आणि तो खिशापाशी किंचाळला.

"काय आहे, बाबा? बाहेर काढा."

मामांनी चकती काढली. दोन वॉचमन आले, तिसरा आला. कुठून आलात, कुणाकडं, हे कशाला आणलं. जो माणूस बारा वर्षं दुसऱ्याच्या अंगावरून चकती फिरवत आला, त्याला हात वर करून उभं राहावं लागलं. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. उलट त्या वॉचमनचाच राग आला.

क्षितिजाला खाली बोलावलं. ती आली, आम्हाला बघून गोंधळली. मामांनी प्रस्तावना केली नाही. सगळ्यांसमोर चकती पुढं धरली.

"पोरी, तुज्या पेटीवरनं ह्यो म्या फिरिवला. आयतवारी. माज्याकडं दुसरी किल्ली हाय."

तिचे ओठ पांढरे पडले. मला वाटलं ओरडेल. तिनं विचारलं, "किती वेळा?"

"तीनदा."

"कुणीकडून कुणीकडं?"

"डावीकडनं उजवीकडं. मधनं."

"वर चला," ती म्हणाली.

वर गार खोलीत बेंगळुरूचे दोन साहेब आणि तिचे मोठे साहेब बसले होते. मामांनी पुन्हा तेच सांगितलं. मोठे साहेब मराठी होते, त्यांनी ऐकून घेतलं आणि शेजारच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलले. मग क्षितिजाला म्हणाले, "घरमालकाला कशाला आणलंस? असं कुणीही येऊन सांगेल."

मामांची मान वर झाली. "सायेब, म्या जल्मभर लोकास्नी खोटं म्हनत आलो. मला कुनी म्हनलं न्हवतं. तुमच्याकडं तसली दुसरी पाटी असल तर ठेवा म्होरं. हितंच फिरिवतो."

दुसरा बोर्ड होता, किरण न मारलेला. क्षितिजानं तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला, सगळं जागच्या जागी. तशाच चंदेरी पिशवीत घातला, तशाच पेटीत ठेवला. मामांनी सुतळी बोटाला गुंडाळली. डावीकडून उजवीकडे, तीनदा. बोर्ड पुन्हा वाचला. समोरच्या पडद्यावर वरची ओळ पांढरी, खालची पांढरी, मधली काळी.

मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा चाचणी घ्यायचं कबूल केलं. एप्रिलअखेर नवा बोर्ड मुंबईला जाऊन आला, तिथून थेट कंपनीच्या तिजोरीत गेला आणि साहेबांसमोर उघडला. बाराच्या बारा चिपा शाबूत. किरणांनी एक अक्षरही हलवलं नव्हतं. त्या दिवशी क्षितिजानं गिरणीत पेढे आणले. पहिला मामांना दिला. मामांनी तो उलटसुलट न बघता तोंडात टाकला, आणि हे या घरात मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला वाटलं, झालं, मिटलं. आठवड्यानं ती म्हणाली, "वहिनी, मी वाकडला मुलींच्यात राहायला जातेय."

"अजून राग आहे का गं?"

"राग नाहीये. खरंच नाहीये. काका आले नसते तर मी संपले असते. पण आता खोलीतून बाहेर पडले की वाटतं, वर कुणीतरी गेलं असेल. कामावर लक्ष लागत नाही. मला हे असं जगायची सवय नाहीये, आणि ती मला लावूनही घ्यायची नाहीये."

मला तर सवय झाली होती.

आमच्याकडं रिवाज असा की भाडेकरू खोली सोडतो तेव्हा त्याचं सामान ओट्यावर उघडायचं. बल्ब, होल्डर, नळाची तोटी, काही चाललंय का ते मामा बघतात, चकती फिरवतात, मग जा म्हणतात. आजवर एकही भाडेकरू त्यातनं सुटला नाही. त्या दिवशी मामा सकाळपासून खालमानेनं ओट्यावर बसले होते. रिक्षा येऊन उभी राहिली. क्षितिजा दोन बॅगा घेऊन जिना उतरली, ओट्यावर ठेवल्या आणि तिनं स्वतःहून दोन्हींच्या चेन पूर्ण उघडल्या. घड्या घातलेले कपडे, पुस्तकं, आईनं उदगीरहून पाठवलेली चटणीची बरणी, सगळं उघडं.

"काका, तपासून घ्या," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. या घराचा रिवाज तिला माहीत होता, तो ती पाळत होती. तेच जास्त लागलं.

मामांनी बॅगांकडं पाहिलं नाही. "बंद कर, पोरी."

तिनं बंद केल्या नाहीत. वाट बघत उभी राहिली. शेवटी मीच वाकून चेन ओढल्या. तिनं मामांच्या पायांना हात लावला, मला मिठी मारली आणि रिक्षात बसली. खोलीच्या दोन्ही किल्ल्या तिनं माझ्या हातात ठेवल्या होत्या. दुसरी किल्ली मामांनी तिला कधी देऊन टाकली, ते मला माहीत नव्हतं.

रिक्षा वळली तसे मामा गिरणीत गेले आणि बटण दाबलं. आत दळण नव्हतं. रिकामी गिरणी चालवली की दगडाला दगड घासतो, ठिणग्या उडतात, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. ते पाठमोरे उभे होते, त्या हिरव्या झाकणाच्या डब्यावर हात ठेवून, आणि त्या खडखडाटात त्यांचे खांदे हलत होते. मी घरात धावले, आमच्याच गव्हाची पाटी उचलून आणली आणि लोहचुंबक न फिरवता वरून ओतली. मामांनी चांगल्या डोळ्यानं पाहिलं आणि खाली पिठाचा डबा सरकवला.